मुलींची विभागीय एकदिवसीय क्रिकेट स्पर्धा



नोव्हेंबर २०१७ मधली गोष्ट. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एकोणीस वर्षांखालील मुलींचा एक क्रिकेट सामना झाला. मुंबईविरुद्ध सौराष्ट्र. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्ज या मुलीने त्या दिवशी १६३ चेंडूंत नाबाद २०२ धावा काढल्या. तिचं वय तेव्हा अवघं सतरा. घनसावंगीहून ते शहर शंभरेक किलोमीटरवर. पहाटेची एस. टी. धरून अंबड, जालना करीत निघालं, तर उपाहाराच्या सुट्टीच्या आत मैदानावर पोचावं, एवढाच हा पल्ला.

पण प्रेक्षक म्हणून पोचणं वेगळं आणि खेळाडू म्हणून पोचणं वेगळं. घनसावंगी तालुक्यातल्या एखाद्या मुलीला त्याच मैदानावर हातात फळी घेऊन उभं राहायचं असेल, तर मधे कोणत्या पायऱ्या लागतात आणि त्यांतली कोणती पायरी ढिली आहे, हे आज सांगायचं आहे. त्यासाठी आधी ही विभागीय स्पर्धा म्हणजे काय, ते समजून घेऊ.

‘विभाग’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आयुक्तांचं कार्यालय येतं. क्रिकेटमधला विभाग निराळा. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने देशाचे उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम, मध्य असे भाग पाडले. पश्चिम विभागात संघ पाच : मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र. इथं नवखा माणूस चक्रावतो, कारण क्रिकेटचा नकाशा राज्याच्या नकाशाशी जुळत नाही. महाराष्ट्र राज्य एक, पण त्याचे संघ तीन. मुंबईचा एक, विदर्भाचा एक, आणि उरलेल्या जिल्ह्यांचा मिळून ‘महाराष्ट्र’ नावाचा तिसरा. या तिसऱ्याचा कारभार पुण्याहून चालतो. नागपूरची मुलगी विदर्भाकडून, म्हणजे मध्य विभागात खेळणार. जालन्याची मुलगी महाराष्ट्राकडून, म्हणजे पश्चिम विभागात. घनसावंगीच्या मुलीचा रस्ता पुण्यावरून जातो तो असा.

त्या वेळच्या स्पर्धेची रीत सरळ होती. पाच संघांपैकी प्रत्येकाने दुसऱ्या प्रत्येकाशी एकदा खेळायचं. गुरुजींनी हे फळ्यावर मांडून दाखवावं : पाच संघ, प्रत्येकाचे चार सामने, म्हणून वीस, पण एका सामन्यात दोन संघ असतात, म्हणून निम्मे, दहा. या साखळीत जे वर राहतील ते इतर विभागांतल्या वरच्या संघांशी पुढच्या फेरीत भिडायचे. पुढच्या काळात मंडळाने या वयोगटासाठी विभागांची वाटणी मोडून देशभरच्या संघांचे मिसळ गट केले. जेमिमाचं द्विशतक मात्र जुन्या विभागीय साखळीतलं. आणि ते तिथलं पहिलं द्विशतकही नव्हे. त्याआधी चार वर्षं, ऑक्टोबर २०१३ मध्ये, त्याच पश्चिम विभागीय स्पर्धेत, बडोद्याच्या मैदानावर, महाराष्ट्राकडून खेळताना सांगलीच्या स्मृती मानधनाने गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा काढल्या होत्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक काढणारी ती पहिली भारतीय स्त्री. वय तिचंही सतराच.

एकदिवसीय सामना म्हणजे प्रत्येक संघाला पन्नास षटकं, षटकाचे चेंडू सहा, म्हणजे तीनशे चेंडू. एका गोलंदाजाला दहा षटकांपेक्षा अधिक टाकता येत नाहीत. या एका नियमातून पुष्कळ काही निघतं. पन्नास षटकं भरायची तर किमान पाच गोलंदाज पाहिजेत. शाळेच्या संघात एकच वाघीण असून भागत नाही. कसोटीत एखादीने दिवसभर टाकावं. इथं दहा षटकं झाली की तिचं काम संपलं, मग बाकीच्या चौघींनी निभवायचं. फलंदाजीचंही तसंच. तीनशे चेंडूंपैकी निम्म्याहून अधिक चेंडू एकटीने खेळून काढणं, हे जेमिमाने केलं त्यात फटक्यांपेक्षा दमसासाचा भाग मोठा. नोव्हेंबरातल्या मराठवाड्याच्या उन्हात, डोक्याला शिरस्त्राण, पायांना पॅड, आणि शंभरावर वेळा बावीस यार्ड पळणं. कापूस वेचणाऱ्या बाईला या दमाची किंमत सांगावी लागणार नाही.

मुलींसाठी म्हणून नियम फार बदलत नाहीत. खेळपट्टीची लांबी तीच, २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट, म्हणजे २०.१२ मीटर. तीन यष्ट्यांची उंची तीच, २८ इंच. बदलतो तो चेंडू. पुरुषांचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम, स्त्रियांचा १४० ते १५१ ग्रॅम. सीमारेषाही थोडी जवळ. बाकी सारा हिशेब सारखाच. शब्दांचं मात्र गमतीचं आहे. आकाशवाणीवरून बाळ ज. पंडितांनी मराठीत धावतं वर्णन केलं, आणि षटक, यष्टी, क्षेत्ररक्षण असे शब्द आपल्या जिभेवर रुळले. त्यातच ‘गडी बाद’ हाही शब्द आला. आता मुलगी बाद झाली तरी आपण म्हणतो ‘गडी बाद’. व्याकरणवाल्यांनी कपाळाला आठ्या घालाव्यात, पण मुली तो शब्द बिनदिक्कत वापरतात, आणि माझ्या मते ते ठीकच आहे.

एक हिशेब मात्र सांगितल्याखेरीज पुढे जाता येत नाही, कारण पुष्कळांचा गोंधळ तिथंच होतो. दोन संघांचे गुण सारखे झाले तर वर कोण? तेव्हा धावगती पाहतात. आपण दर षटकामागे किती धावा काढल्या, त्यातून प्रतिपक्षाने दर षटकामागे किती काढल्या ते वजा करायचं. समजा, आपल्या संघाने पन्नास षटकांत २०० केल्या, गती चार. समोरचा संघ चाळीस षटकांत सर्वबाद १५०. आता पोरं चटकन १५० भागिले ४० करतात आणि चुकतात. संघ सर्वबाद झाला की त्याची षटकं पुरी पन्नास धरायची. म्हणून त्यांची गती तीन, आणि आपली निव्वळ धावगती अधिक एक. साऱ्या स्पर्धेसाठी हे करताना सगळ्या सामन्यांच्या धावा आणि षटकं आधी एकत्र मिळवायची आणि मग भागाकार करायचा. रोजच्या गतीची सरासरी काढायची नाही. सातवीच्या वर्गाला याहून चांगलं दशांश अपूर्णांकाचं उदाहरण मिळायचं नाही.

आता थोडं मागे जाऊ. मुलींनी असं विभागवार, रीतसर खेळणं ही फार जुनी गोष्ट नाही. भारतीय महिला क्रिकेट संघटना उभी राहिली ती १९७३ साली, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली ती पुण्यात. संघ आले किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. एवढ्याच शिदोरीवर पाच वर्षांत, १९७८ मध्ये, भारताने स्त्रियांची विश्वचषक स्पर्धा आपल्या देशात भरवली, आणि त्या संघाची कर्णधार होती मुंबईची डायना एडल्जी. त्या पिढीच्या खेळाडू बिनआरक्षणाच्या डब्यातून, वळकटी बरोबर घेऊन स्पर्धेला जात, हे त्यांनीच पुढे सांगितलं आहे. स्त्रियांचं क्रिकेट नियामक मंडळाच्या छत्राखाली आलं ते २००६ साली. तोवर जे चाललं ते हौशी माणसांच्या पदरमोडीवर. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने जाहीर केलं की आंतरराष्ट्रीय सामन्याचं मानधन स्त्री-पुरुषांना सारखं, एकदिवसीय सामन्याला सहा लाख रुपये. पन्नास वर्षांच्या आत वळकटीपासून इथवर.

२०२५ च्या ३० ऑक्टोबरला नव्या मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने भारतापुढे ३३९ धावांचं लक्ष्य ठेवलं, आणि जेमिमाने नाबाद १२७ धावा करून ते गाठून दिलं. तीन दिवसांनी, २ नोव्हेंबरला, दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारताने विश्वचषक जिंकला. स्मृती त्या संघाची उपकर्णधार होती. विभागीय स्पर्धेतल्या त्या दोन सतरा वर्षांच्या मुली एकाच संघातून जगज्जेत्या झाल्या. हे सगळ्यांनी पाहिलं, गावोगाव पाहिलं. त्याबद्दल अधिक काही सांगत नाही.

सांगायचं आहे ते वेगळंच. ज्या महिन्यात औरंगाबादेत २०२ झाल्या, त्याच महिन्यात, त्याच वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत, आंध्रातल्या गुंटूर इथं केरळविरुद्ध नागालँडच्या मुलींचा संघ सर्वबाद झाला, दोन धावांत. दोनशे दोन नव्हे, दोन. त्यातली एक धाव फळीतून आलेली, दुसरी वाइडची. वर्तमानपत्रांनी ती बातमी गंमत म्हणून छापली. मला त्यात गंमत वाटत नाही. त्या मुलींनी सतरा षटकं काढली, म्हणजे १०२ चेंडू. ज्या संघाने राष्ट्रीय स्पर्धेत नव्यानेच पाऊल टाकलं, ज्याच्या पाठीमागे ना जुनी मैदानं ना जुने प्रशिक्षक, तो दुसऱ्या राज्यात जाऊन १०२ चेंडू उभा राहिला. २०२ आणि २ या आकड्यांमधलं अंतर मुलींच्या अंगच्या गुणांचं म्हणावं, तर मग निसर्गाने काही राज्यांवर फारच अन्याय केला असं म्हणावं लागेल. ते अंतर सरावाचं आहे.

याच नागालँडची पुढची एक हकिगत ऐका. एप्रिल २०२२ मध्ये स्त्रियांच्या वीस षटकांच्या वरिष्ठ स्पर्धेत नागालँडकडून एक पाहुणी खेळाडू अरुणाचल प्रदेशविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा काढून गेली. ही किरण नवगिरे, आपल्या सोलापूर जिल्ह्याची, शेतकऱ्याची मुलगी. आधी गोळा आणि भाला फेकणारी, कातडी चेंडूच्या क्रिकेटकडे उशिरा वळलेली. २०२२ मध्येच ती भारताकडून खेळली. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्राकडून खेळताना पंजाबविरुद्ध तिने ३४ चेंडूंत शतक पुरं केलं. स्त्रियांच्या वीस षटकांच्या सामन्यांत याहून वेगवान शतक तोवर झालं नव्हतं. गोळाफेकीच्या वर्तुळातून हे बळ आलं. शाळेच्या मैदानी स्पर्धेत ज्या मुलीचा गोळा लांब जातो, तिच्या हाती एकदा फळी देऊन पाहावी.

मग आपल्याकडे अडतं कुठं?

पहिली अडचण ऋतूची, आणि तिचा विचार शहरात बसलेल्या माणसाच्या मनात येत नाही. क्रिकेटचा हंगाम पावसाळा सरला की सुरू होतो, ऑक्टोबर ते मार्च. आपल्या भागात तेच दिवस कपाशीच्या वेचणीचे. दिवाळीच्या आगेमागे उसतोडीच्या टोळ्या निघतात. आईबाप कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागले, की चौदा वर्षांची मुलगी एक तर त्यांच्याबरोबर जाते किंवा आजीजवळ राहून धाकट्यांना सांभाळते. नोव्हेंबरात जेमिमा धावा काढीत होती तेव्हा तिच्या वयाच्या मराठवाड्यातल्या किती मुलींच्या ओच्यात कापूस होता! यावर उपाय क्रिकेटजवळ नाही. पण सरावाची वेळ ठरवताना शिक्षकाला एवढं करता येतं की पावसाळ्यातली उघडीप आणि उन्हाळ्यातली सकाळ गाठावी. निवडचाचणी हंगामात होते हे खरं, पण हात बसायला हंगामच लागतो असं नाही.

दुसरी अडचण कागदाची. वयोगटाच्या स्पर्धेत वय १ सप्टेंबर या तारखेला मोजतात. आता आपल्या शाळांच्या दाखल्यांकडे पाहा. एकेका वर्गात निम्म्या मुलांचा जन्म १ जूनचा! खेड्यात सगळी बाळं जून उजाडल्यावरच जन्माला येतात असं काही नाही. नाव घालताना तारीख ठाऊक नव्हती, गुरुजींनी सोयीची घातली. एरवी याने फारसं बिघडत नाही. पण खेळाच्या निवडीत जन्माचा ग्रामपंचायतीतला दाखला एक सांगतो आणि शाळेचा दाखला दुसरंच, आणि मुलगी दारातून परत येते. धाकट्या वयोगटात हाडांची तपासणी करून वय ठरवायचीही रीत आहे. तिथं कागदाचं काही चालत नाही. पहिलीत नाव घालताना जन्मनोंदीचा उतारा मागवणं, हे क्रिकेटच्या दृष्टीने शिक्षकाचं पहिलं प्रशिक्षण समजावं.

तिसरी अडचण चेंडूची. गावात खेळतात तो रबरी किंवा टेनिसचा चेंडू. तो अंगावर आला तरी हसून घेता येतं. स्पर्धेतला कातडी चेंडू, ज्याला पोरं सीझन बॉल म्हणतात, तो निराळाच प्राणी. टेनिसचा चेंडू उंच उसळतो, म्हणून फलंदाज त्याला आडव्या फळीने फटकावायला शिकतो. कातडी चेंडू खाली राहतो, शिवणीवर पडला की वळतो, आणि आडवी फळी तिथं दगा देते. बारा-तेराव्या वर्षी ही सवय मोडता येते, अठराव्या वर्षी फार कठीण. आपल्या काळ्या जमिनीत खेळपट्टी धरत नाही. पावसात चिखल आणि उन्हात भेगा. पण सहासष्ट फूट लांब आणि आठ-दहा फूट रुंद एवढाच पट्टा खोदून त्यात मुरूम भरला, पाणी मारून रूळ फिरवला आणि वर काथ्याची चटई ताणून खुंट्यांनी बसवली, की कातडी चेंडूचा सराव होतो. रस्त्याच्या कामावरचा रूळ अर्धा दिवस मागून आणणं काही अवघड नसतं. पण पॅड, हातमोजे आणि शिरस्त्राण यांच्याशिवाय कातडी चेंडू मुलांच्या हाती देऊ नये, ही गोष्ट मी जरा जोर देऊन सांगतो.

आडोसा आणि पाणी, हेही विसरू नये. मैदानाजवळ मुलींना कपडे बदलायला खोली नसेल, स्वच्छतागृहाला कडी नसेल, तर वयात आलेली मुलगी चार दिवस येईल आणि पाचव्या दिवशी येणार नाही. कारण विचारलं तर डोकं दुखतं म्हणेल.

आणि अंतर. जेमिमाचं कुटुंब मुंबईतच राहणारं. तरी खेळाच्या सोयींसाठी त्यांनी भांडुपहून वांद्र्याला बिऱ्हाड हलवलं. स्मृती सांगलीची, पण घरात वडील क्रिकेट खेळलेले आणि थोरला भाऊ वयोगटातून महाराष्ट्राकडून खेळणारा. त्याला पाहून ती शिकली, नवव्या वर्षी पंधरा वर्षांखालच्या संघात आली आणि अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालच्या. म्हणजे मैदान घराजवळ आणणारं कुणी तरी दोघींनाही होतं. जालना जिल्ह्यात हे होऊ शकतं का? मुलाच्या बाबतीत झालेलं आहे. जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालच्या संघाकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा काढल्या, आणि २०१४ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. तेव्हा जालन्याहून पुण्याला वाट आहे. तिच्यावरून मुली जायच्या आहेत. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आपल्याच तालुक्यात. बलोपासनेचं नाव इथं वेगळं सांगायला नको, फक्त आखाड्याच्या दारातून मुलींना आत घ्यायला आपण उशीर केला.

वाटेचा क्रम असा. शाळेत अकरा मुली जमवायच्या. अकरा न जमल्या तर शेजारच्या गावच्या शाळेबरोबर सराव करायचा. शालेय क्रीडास्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. तिथं पहिल्यांदा बाहेरच्यांशी गाठ पडते. दुसरी वाट जिल्ह्याच्या क्रिकेट संघटनेची. तिथल्या निवडचाचणीतून मुलगी जिल्ह्याकडून खेळते, तिथं दिसली तर पुण्याला महाराष्ट्राच्या चाचणीला जाते, आणि तिथून राज्याच्या संघात. या दोन वाटा निरनिराळ्या कार्यालयांच्या आहेत. एकीचं प्रमाणपत्र हाती असलं म्हणून दुसरी आपोआप उघडत नाही, म्हणून दोन्हीकडे नाव द्यावं. चाचणीच्या तारखा पुष्कळदा आठवडाभर आधीच कळतात. तालुक्यातल्या कुणी तरी एकाने दर पावसाळ्याच्या शेवटी जालन्याला विचारपूस करून त्या सगळ्या शाळांना कळवाव्यात.

चाचणीला जाताना जन्मदाखला, आधारपत्र, शाळेचा दाखला आणि छायाचित्रं बरोबर असू द्यावीत, मूळ आणि नकला दोन्ही. पांढरा पोशाख नवा नसला तरी चालतो, पण बूट पायाचे असावेत, थोरल्या भावाचे नसावेत. मार्च २०२३ पासून एस. टी.त स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत सुरू झाली. मुलीबरोबर आई गेली तर खर्च फार वाढत नाही. आणि आईने जावंच. चाचणी दिवसभर चालते, मुलीची पाळी कधी संध्याकाळी पाचला येते, आणि तोवर जालन्याहून परतीची कोणती गाडी आहे ते आधी विचारून ठेवलेलं असावं.